पियुषच्या नावाची मूठ

२५ जुलै, शुक्रवार

॥ कानबाई माय प्रसन्न ॥

आज आलेलं: गहू दहा किलो, ३६० रु. चण्याची डाळ दोन किलो, १९० रु. गूळ दीड किलो, ७५ रु. नारळ चार, १८० रु. (एक हलवून वाजत नव्हता, बदलून घेतला.) लाल खण, ९० रु. पोस्टकार्डं चार, २ रु. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, अजून कोण लिहितं हो कार्डं? म्हटलं, ज्यांचं पन्नास पैशांत भागतं ते.

ही डायरी गेल्या वर्षीची. हे ज्यांच्याकडे केळीच्या गाड्यांचा हिशेब लिहितात, त्या मालकांनी दिलेली. गेल्या जूनपासून कोरी राहिली होती. वार जुळत नाहीत, ते खोडून वर लिहिते. कागद जाड आहे, वाया कशाला घालवायचा.

यंदा कानबाई आमच्याकडे जळगावला. गेल्या साली बसवली नाही, घरात दुखवट्याचं वर्ष होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी मेहरूण तलावावर पोचवायची. आमच्या भाऊबंदकीत रोटाचे, म्हणजे मायच्या प्रसादाच्या जाड पोळीचे, गहू मुठीने घेतात. प्रत्येक घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ, आणि मूठ फक्त आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, कारण तेच आता सगळ्यांत वडील. जितकी नावं तितके रोट. ज्याचा त्याने खायचा, भाऊबंदांबाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा, आणि टाकायचा तर मुळीच नाही. म्हणून आधी कार्ड टाकून विचारतात, तुमच्या घरच्या मुठी किती. फोनवरचं आबांना चालत नाही. फोनवर माणूस तोंडाला येईल ते सांगतो, लिहिताना जरा थांबतो, असं ते म्हणतात.

एक कार्ड सोनगीरला धुरपदाअक्कांना टाकलं, त्या आबांच्या भावजय. एक धुळ्याला योगेंद्रभाऊंना, ते ह्यांचे चुलत भाऊ. आमच्या मुठी दोन लिहिल्या. आबा आणि हे.

खरी काळजी वेगळीच आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये आमचा मुलगा पियुष गेला. एकोणीस पुरी नव्हती. त्याने स्वतःच्या हाताने केलं. का, ते आम्हाला कळलं नाही. आदल्या दिवशी शेवभाजी मागून घेतली होती. हे इथे एकदा लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

त्या सकाळी तीन ठिकाणी कळवायचं होतं आणि तिघांनी कळवलं. ह्यांनी धुळ्याला फोन लावला आणि तोंडातून हार्ट अटॅक निघालं. ह्यांच्या मालकांनी सोनगीरला कळवलं, स्कूटर घसरली. मी दारात उभी होते, शेजारच्या लताबाईंनी विचारलं, मी म्हटलं डेंगू. कोणी कोणाला विचारलं नव्हतं. नंतर दुरुस्त करायचं म्हटलं तर कोणतं करायचं?

तेव्हापासून योगेंद्रभाऊंच्या घरात सगळ्यांचे ईसीजी झाले, तूप बंद झालं, आणि ते रोज पहाटे पांझरेच्या काठाने चालतात. अक्कांचे चिरंजीव पितांबरभाऊ स्कूटर बघायला येणार म्हणाले, आणि स्कूटरवर साधा ओरखडा नव्हता. तेव्हा आदल्या संध्याकाळी ह्यांनी माझा वरवंटा घेऊन पोचे पाडले. एक पुरला असता. पण हे थांबेचनात, मागून, पुढून, बाजूने. मी वरवंटा हातातून काढून घेतला. त्याचा टवका उडालाय, तेव्हापासून चटणी भरड होते. गल्लीत धुराची गाडी येऊन गेली, आणि लताबाईंनी साचलेलं पाणी नको म्हणून कूलर रिकामा केला तो आजपर्यंत भरला नाही. जळगावचा मे महिना त्यांनी पंख्यावर काढला. मला खिडकीतून ते बघवत नव्हतं.

आता तिन्ही आजार एका छताखाली जेवायला बसणार.

आमच्या मुलीचा, मोहिनीचा, डबा आजही तसाच परत आला. बारावीचं टेन्शन, भूक नाही म्हणते. पूर्वी महिन्याला पंधरा किलो पीठ लागायचं, आता नऊ-दहात भागतं. एक माणूस कमी झालं तर एवढा फरक पडू नये, पण पडतो खरा. शिल्लक ती शिल्लक.

२७ जुलै, रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांनी सगळ्यांना बसवलं. म्हणाले, पाहुणे येण्याआधी एकच काहीतरी ठरवू. ह्यांनी विचार करून ठेवला होता. कोणालाच खोटं पाडायचं नाही. पियुषला डेंगू झाला, डेंगूने अशक्तपणा आला, त्या अशक्तपणात तो स्कूटरवर बसला, हृदयावर ताण येऊन अटॅक आला, आणि त्यामुळे स्कूटर घसरली. तिघांचंही खरं.

मला चांगलं वाटलं. सगळं वापरलं गेलं, काही वाया नाही.

मोहिनीने विचारलं, "आधी अटॅक की आधी घसरली?"

हे म्हणाले, आधी अटॅक. मग तिच्याकडून म्हणून घेतलं. तिने एकदाही न अडखळता म्हटलं, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं. मी शाब्बास म्हटलं. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी मी सकाळीच घासून पालथी घातली होती, तीच पुन्हा घासली. साबण उगाच गेला.

आबा झोपाळ्यावर होते. मला वाटलं त्यांचा डोळा लागलाय. ते म्हणाले, "एवढं सगळं झालं त्या पोराला, अन् आपल्याला घरात बसून काहीच कळलं नाही."

आबांना हल्ली विसर पडतो. सकाळची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. काल कणीक भिजवून दिंडं करून घेतली.

दोन्ही कार्डं आली. धुळ्याचं: "मुठी दोन. मुलगा पुण्याहून येणार नाही, त्याचा रोट आम्ही पोचवू. रोटाला तूप लावू नये ही विनंती." सोनगीरचं पितांबरभाऊंच्या अक्षरात: "मुठी तीन." खाली अक्कांनी सांगून लिहवलेली एक ओळ, अहिराणीत: "तुन्ह्या घरन्या मुठी नीट मोजी ले."

दोन तर आहेत. त्यात मोजायचं काय? वय झालं की माणसाला उगाच सूचना कराव्याशा वाटतात.

जपाची एक माळ जास्त केली. मायला म्हटलं, एवढं दोन दिवसांचं निभावून ने.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी अक्का आणि पितांबरभाऊ एसटीने आले, बरोबर पितांबरभाऊंची सहा वर्षांची मुलगी. योगेंद्रभाऊ आणि त्यांची बायको नूतन गाडीने. अक्कांनी अंगणात पाय धुतले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी डेंगूपासून सुरुवात करणार होते, तर त्या म्हणाल्या चहा टाक आधी. चहाचं दूध अर्धा लिटर जादा, ३० रु.

गहू निवडून झाले. आबा पाटावर बसले, पुढ्यात सूप, बाजूला पोतं. आम्ही बायका भिंतीशी, पुरुष समोर. आधी सोनगीरची नावं, मग धुळ्याची. प्रत्येक नाव घेऊन आबा सव्वा मूठ सुपात टाकत. मग आमचं घर. "शालिग्राम," स्वतःचं नाव. "प्रेमराज," म्हणजे हे. मी सूप उचलायला पुढे झाले तर आबांचा हात पुन्हा पोत्यात.

"पियुष," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पडला नाही. भरलेली मूठ टाकली, मग पाव मूठ मोजून टाकली, हात झटकले. "झालं. दळायला पाठवा."

 हे एकदम उठले आणि म्हणाले चक्की बंद होईल. चक्की चार वाजेपर्यंत उघडी असते आणि तेव्हा अकरा वाजले होते.

मी पितांबरभाऊंना हळूच विचारलं, जास्तीचे काढून ठेवू का? ते म्हणाले, मायच्या नावाने सुपात पडलेलं परत काढत नाहीत. "आणि काढायचं म्हटलं तर कोणते काढशील, वहिनी? सगळे गहू सारखेच."

मी सुपाकडे बघितलं. खरंच सारखेच होते.

मोहिनी दळण घेऊन गेली. परत आली तेव्हा तिच्या पापण्यांवर पीठ होतं. डबा स्वतः डोक्यावरून आणला, रिक्षाचे वीस रुपये वाचवले.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नारळाला नथ, हळदीकुंकू, लाल खण, पुढे गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, पुरणपोळी, खीर. अगदी बघत राहावं असं रूप. योगेंद्रभाऊ पुरणपोळी कोरडीच खात होते आणि तुपाच्या वाटीकडे बघत होते. मी दोनदा वाढायला गेले, त्यांनी दोन्ही वेळा छातीवर हात ठेवून नको म्हटलं. तूप घरचं कढवलेलं. मला वाईट वाटलं आणि तूप उरलं.

आठ रोट झाले. सात ज्याच्या त्याच्या नावाने पानावर मांडले. आठवा तसाच राहिला, मध्ये.

आरतीनंतर पुरुष बसले. पियुषचा रोट कोणी खायचा? टाकता येत नाही, बाहेर देता येत नाही, पौर्णिमेपर्यंत ठेवला तर बुरशी धरेल. पितांबरभाऊंना असं आठवत होतं की अपघातात गेलेल्याचा रोट गाईला द्यावा. योगेंद्रभाऊंनी धुळ्याच्या एका गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, आजारपणात गेला असेल तर जवळच्या पुरुषाने खावा, अवचित गेला असेल तर वाहत्या पाण्यात सोडावा. म्हणजे आधी कशाने गेला ते ठरायला हवं होतं.

अक्का म्हणाल्या, "पोऱ्या कसा गया ते सांगा, मंग ठरावू."

हे उभे राहिले. घाम आला होता. आठवडाभर पाठ केलेलं, पण ऐन वेळी क्रम चुकला. आधी स्कूटर घसरली म्हणाले, त्यानंतर डेंगू झाला म्हणाले. लताबाई हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, डेंगूच होता, सगळ्या गल्लीला माहीत आहे, मी उगाच का उकाड्यात बसते? योगेंद्रभाऊंनी पाकिटातून स्वतःच्या ईसीजीची घडी काढून पसरली आणि म्हणाले, आमच्याकडे कागद आहे. पितांबरभाऊ म्हणाले, मी गाडी डोळ्यांनी बघितलीय. तिघांकडे पुरावे होते. आमच्या मुलाबद्दल आमच्याकडे काही नव्हतं.

मग सगळे अंगणात स्कूटर बघायला गेले. योगेंद्रभाऊंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि पटकन बोलून गेले, "चारही बाजूंनी घसरली का?"

हे म्हणाले, गोल फिरली.

पितांबरभाऊ लगेच म्हणाले, फिरतात तशा, आमच्या सोनगीरच्या हायवेला तर नेहमीच. आणि अक्कांनी योगेंद्रभाऊंकडे असं बघितलं की ते कागदाची घडी घालू लागले.

पुन्हा आत आलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी आई, मी काहीतरी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात त्या वेळी एकच आलं, गंगाफळाची भाजी संपलीय का बघते, आणि मी आत गेले. मोहिनी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. तिने मला वाट दिली.

बाहेर अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. रोट मायपुढे ठेवा. तीच देखी ली."

रोट मायपुढे ठेवला, वर केळीचं पान झाकलं. आता जागर सुरू आहे. नूतनचा गळा चांगला आहे. मोहिनी जेवली की नाही ते बघायचं राहिलं. पोळ्या मोजल्या तर बऱ्याच उरल्यात.

४ ऑगस्ट, सोमवार

आज सगळं लिहायचं आहे, तुकडे तुकडे जमतील तसे.

सकाळी पान उचललं तर रोट नव्हता. कण नाही, मुंगी नाही. पान होतं तसं झाकलेलं. पहाटे जागर संपून सगळे आडवे झाले तेव्हा पितांबरभाऊंनी दाराला कडी स्वतः लावली होती, मांजर येण्याचा प्रश्न नाही. नूतन म्हणाली, मायने घेतला. लताबाई म्हणाल्या, मायने नाही हो, पियुष येऊन खाऊन गेला. हे त्यांनी आमच्या दारात म्हटलं, आणि थोड्या वेळाने दाराबाहेर बायका उभ्या होत्या, हातात कुंकवाच्या कोयऱ्या घेऊन. रिकाम्या पानापुढे नाणी पडू लागली. योगेंद्रभाऊ पानाचा व्हिडिओ काढत होते. ह्यांनी बायकांना रांग करायला सांगितली, चपला डावीकडे.

मी काय केलं ते लिहिते. मी खरं मानलं. पानापुढे बसून हात जोडले आणि मनात म्हटलं, आलास तर मला का नाही उठवलं? गरम करून दिला असता. तुला गार रोट कुठे आवडतो. वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. रांगेतली एक बाई म्हणाली, जरा सरका ना, आम्हालाही बघू द्या. मी सरकले.

मायला तलावावर न्यायची वेळ झाली. डफवाला दारात येऊन उभा राहिला. हे मायला डोक्यावर घेण्यासाठी टॉवेलची चुंबळ करत होते. तेवढ्यात मोहिनी समोर आली.

"चमत्कार झालेला नाही. रोट मी खाल्ला. सगळा."

पितांबरभाऊ म्हणाले, "अगं, तो तुझा नव्हता."

"माझा कुठे असणार? माझी मूठच नसते. दादाचा होता. तो नेहमी माझ्या ताटातलं उचलायचा, मी एकदा त्याच्यातलं घेतलं." ती रडत नव्हती. "आणि दादाला डेंगू नव्हता. अटॅक नव्हता. गाडी तर त्याने त्या दिवशी काढलीच नव्हती. दादाने आत्महत्या केली. मला हे एकदा तरी कोणासमोर म्हणायचं होतं. धुळ्याचा फोन आला की एका प्रकारे, सोनगीरचा आला की दुसऱ्या, गल्लीत तिसऱ्या. मी त्याला सारखी मारतेय, पप्पा."

ह्यांच्या हातातली चुंबळ सुटली. डफवाल्याने आत डोकावून विचारलं, निघायचं का? 

मी वाट बघत होते की आता काय कोसळतं. अक्का जमिनीला हात टेकून उठल्या, मोहिनीजवळ गेल्या, तिची हनुवटी धरली.

"भूक लागनी व्हती का तुले?"

"हो."

"पोट भरनं?"

मोहिनीने मान हलवली. नाही.

अक्का माझ्याकडे वळल्या. "मंग देखी काय राहिनी, कोकिळा? वाढ तिले."

मी वाढलं. पुरणपोळी, वर तूप. ती सगळ्यांच्या समोर भिंतीशी बसून जेवली, तीन पोळ्या, आणि कानबाई, रांग आणि डफवाला तिचं होईपर्यंत थांबले.

ती जेवत असताना योगेंद्रभाऊ माझ्याजवळ आले. म्हणाले, "वहिनी, आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. संध्याकाळपर्यंत."

मी विचारलं, मग ईसीजी?

"तुम्ही अटॅक म्हणालात. मग काढायला नको?"

"आणि तूप?"

"तुम्ही कधीही घरी आला असता. तूप खाताना कसं दिसलं असतं?" मागून नूतन म्हणाली की ती मात्र लपून खात होती.

पितांबरभाऊही कबूल झाले. त्यांना पोचे बघूनच कळलं होतं, पण अक्कांनी बजावून पाठवलं होतं की प्रेमराज जे दाखवेल ते बघून यायचं आणि हो म्हणायचं. मी लताबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "अहो, भिंतीला भिंत लागून. मला कसं कळणार नाही?"

"मग कूलर का नाही लावला?"

"तुम्ही रोज खिडकीतून बघायच्या ना."

मला रडू यायला हवं होतं. मी हसले. हेही हसले. हसताहसता हे खाली बसले आणि मग त्यांना जे रडू आलं ते मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. पितांबरभाऊंनी त्यांची पाठ धरून ठेवली.

शेवटी आबा म्हणाले, चला, ऊन चढतंय. मायला ह्यांनी डोक्यावर घेतलं. मेहरूणला निरोप देताना मला काही मागता आलं नाही.

येताना मी आबांना विचारलं, सुपात मूठ टाकताना तुम्हाला पियुष नाही ते आठवत नव्हतं का?

आबा म्हणाले, "मला गोळ्या आठवत नाहीत. नातू आठवतो."

पानापुढची नाणी ६३ रु. चमत्कार नव्हता तेव्हा परत करायला हवीत, पण कोणाची किती ते कळेना. धर्मादायाच्या डब्यात टाकली. डफवाला, ठरलेले ५०० आणि थांबल्याचे १०० वर मागत होता. दिले.

५ ऑगस्ट, मंगळवार

पाहुणे गेले. निघताना पितांबरभाऊंशी थोडं झालं. मोहिनी म्हणाली होती माझी मूठ नसते, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी विचारलं, मुलीची का धरत नाहीत? ते म्हणाले, मुलगी दुसऱ्या घरची, तिची तिकडे धरतील. मी म्हटलं, माझी सासरी कोणी धरली नाही आणि माहेरीही धरली नव्हती. ते हसून म्हणाले, वहिनी, एसटी चुकेल. त्यांची लहानगी अंगणात सांडलेले गहू मुठीने गोळा करत होती.

मोहिनी सकाळी दोन भाकऱ्या आणि ठेचा जेवली. ठेचा भरडच होता.

लताबाईंचा कूलर सुरू झाला. फार आवाज करतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

मोहिनी म्हणाली, मला रात्री झोप येत नाही, खूप दिवसांपासून. हे तिला आणि मला घेऊन सिव्हिलला गेले, तिथे मनाचे डॉक्टर बसतात. बाई आहेत, तरुण. केसपेपर १० रु. मला बाहेर बसवलं. आतून मोहिनीचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही, नुसता आवाज. बराच वेळ. एवढं ती घरात वर्षात बोलली नसेल.

बाई म्हणाल्या, दर गुरुवारी आणा, आणि तुम्ही दोघंही या. मी म्हटलं, आम्हाला काही झालेलं नाही. त्यांनी तिघांची नावं लिहिली. म्हणजे दर खेपेला ३० रु.

घरी येऊन महिन्याचं पीठ मांडायला बसले. डबा हातात घेतला आणि तशीच राहिले. जे पीठ शिल्लक पडत होतं ते सगळं पियुषच्या वाट्याचं नव्हतं. त्याच्या दिवसाला चार पोळ्या, तेवढ्याच. बाकीचं सगळं मोहिनीचं. मी दर महिन्याला ते शिल्लक म्हणून मांडत होते आणि मायचे आभार मानत होते.

आज पंधरा किलो दळून आणलं.

९ ऑगस्ट, शनिवार. नारळी पौर्णिमा

आमचे रोट संपले. आबांनी त्यांचा दुधात कुस्करून खाल्ला. धुळ्याहून नूतनचा फोन आला, त्यांचे दोन्ही संपले, तूप लावून.

मोहिनीने दहा रुपयांची राखी आणली होती. कोणाला, ते मी विचारलं नाही. तिने ती स्कूटरच्या ब्रेकला बांधली. हे तशीच घेऊन कामावर गेले. पोचे काढून घेऊ का म्हणून मेकॅनिकने मागे विचारलं होतं, हे नको म्हणाले. आता विचारणार नाही.

दोन कार्डं उरली होती. एक सोनगीरला टाकते आहे. हे म्हणाले, असलं लिहायचं तर आंतरदेशीय घे, कार्ड पोस्टमन वाचतो. मी म्हटलं, वाचू दे. चुकू नये म्हणून मजकूर आधी इथे लिहिते:

ती. धुरपदाअक्कांना कोकिळाचा सा. नमस्कार. इकडे सर्व ठीक. मोहिनी जेवते. पुढच्या सालापासून आमच्या घरच्या मुठी चार धराव्यात: आबा, हे, पियुष, मोहिनी. पियुषचा रोट घरात खाल्ला जाईल, त्याची काळजी नसावी. मुलीची मूठ आपल्यात आजवर धरली नाही हे मला माहीत आहे. दुसऱ्या घरी ती जाईल तेव्हा जाईल, आज तिला भूक ह्या घरात लागते. तिचे गहू मी माझ्यातले घालीन, कोणावर भार नाही. आमचा पियुष आत्महत्या करून गेला. तिकडे कोणी विचारलं तर हेच सांगावं, दुसरं काही सांगण्याचे कष्ट आता घेऊ नयेत, आपण खूप घेतले. तुमच्या नातीची मूठ धरायची झाल्यास त्या मानाने गहू जास्त आणावे लागतील. तरी तुमच्या घरच्या मुठी नीट मोजून उलट टपाली कळवावे.